नगरमार्गरचना

नगरमार्गरचना : शहरातील हमरस्ते, रस्ते, गल्ल्या, बोळ व चौक यांच्या परस्परसंबंधांतून जमिनीवर उमटणारी आकृती. ही आकृती मुख्यत्वे दोन प्रकारची आढळते. पहिल्या प्रकारात रस्ते आधी आखले जातात व घरे नंतर बांधली जातात. सरळ आणि समांतर रस्त्यांना तसेच दुसरे रस्ते काटकोनात छेदतात व त्यांच्यामध्ये साधारणपणे सारख्या आकाराचे खंड पडतात. तिला काटकोनी किंवा जालाकृती रचना म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जुनी पायवाट, ओढ्याचा उतार, देवळाकडे वा बाजाराकडे जाणारी वहिवाट, शेताचे बांध आणि घरांच्या भिंती यांनी रस्त्याचा मार्ग पिढ्यानुपिढ्या ठरत जातो. तिला सहजवर्धित रचना म्हणतात. पहिलीत रस्ता घरांच्या आधीचा असतो, तर दुसरीत घरे उभी राहिल्यावर उरलेली जागा म्हणजे रस्ता, असे स्थूलमानाने म्हणता येईल. प्रत्यक्षात बहुतेक जुन्या शहरांत या दोन्ही रचना एकमेकींना लागून आणि पुष्कळदा एकीवर दुसरी चढलेली अशा अवस्थेत दिसतात.

सहजवर्धित रचनेला ‘अनियोजित’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो यथार्थ नाही. आराखडा नसणे म्हणजे नियम नसणे नव्हे. उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया यांतील जुन्या मुस्लिम शहरांत रस्त्याची किमान रुंदी, शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी, रस्त्यावर पुढे काढलेले छज्जे, सांडपाण्याची वाट इत्यादींविषयी काझीपुढे निवाडे होत आणि ते पुढील पिढ्यांना बंधनकारक ठरत. सार्वजनिक रस्ता सात हात रुंद असावा, असा दंडक परंपरेने सांगितला जाई. ओझे लादलेले दोन उंट एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील, हा त्यामागील व्यवहार. याउलट बंद बोळ हा त्यात दारे असलेल्या घरांच्या सामाईक मालकीचा समजला जाई आणि सर्वांच्या संमतीवाचून कोणालाही त्यात नवे दार पाडता येत नसे. अहमदाबादमधील ‘पोळ’ ही वस्तीही याच जातीची. एका वेशीतून आत शिरणारी, फाटे फुटत जाणारी व शेवटी बंद होणारी ही गल्ली तिच्या रहिवाशांच्या पंचांकडून सांभाळली जाई. परक्याला जो गुंता वाटतो, तो रहिवाशाच्या दृष्टीने सार्वजनिकाकडून खाजगीकडे नेणाऱ्या पायऱ्यांचा क्रम असतो.

प्राचीन नगरे : काटकोनी आखणीचे प्राचीन पुरावे सिंधू संस्कृतीच्या नगरांत मिळतात (इ. स. पू. सु. २६००–१९००). मोहेंजोदडो येथील मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण असून त्यांतील सर्वांत मोठा सु. ९ मी. रुंद आहे. राजस्थानातील कालीबंगा येथे रस्त्यांच्या रुंदीतही प्रमाणबद्धता आढळली असून १·८, ३·६, ५·४ व ७·२ मी. अशा एकाच मापाच्या पटींत त्या आहेत. तथापि या नगरांना बुद्धिबळाच्या पटाची उपमा देण्यात येते ती अतिशयोक्तीची आहे. मुख्य रस्ते सरळ असले, तरी त्यांना मिळणाऱ्या गल्ल्या अनेक ठिकाणी वाकतात, सरकतात व अडतात. ईजिप्तमधील काहून हे दुसऱ्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडवर काम करणाऱ्यांसाठी वसविलेले गाव (इ. स. पू. एकोणिसावे शतक) मात्र एका बैठकीत आखल्यासारखे दिसते. मजुरांची लहान घरे ओळीने एका भागात, तर अधिकाऱ्यांची विस्तीर्ण निवासस्थाने भिंतीपलीकडे दुसऱ्या भागात आहेत. समान रेषा म्हणजे समान वाटणी नव्हे, हे त्यावरून दिसते.

ग्रीक परंपरेत या रचनेचे जनकत्व मायलीटसच्या हिपोडेमस (इ. स. पू. पाचवे शतक) याच्याकडे देतात. इराण्यांनी इ. स. पू. ४९४ मध्ये उद्ध्वस्त केलेले मायलीटस पुढे काटकोनी आखणीवर पुन्हा वसविण्यात आले. अथेन्सचे बंदर पायरीअस हिपोडेमसने आखले, असे ॲरिस्टॉटलने पॉलिटिक्स या ग्रंथात नमूद केले आहे. त्याच ओघात हिपोडेमसच्या लांब केसांची व उन्हाळ्यातही गरम कपडे घालण्याच्या हौसेची त्याने थट्टाही केली आहे. वस्तुतः सिसिलीतील ग्रीक वसाहतींत सरळ, समांतर रस्ते त्याच्या पुष्कळ आधी आखले गेले होते. या प्रश्नावरील पहिला विचारपूर्वक अभिप्रायही ॲरिस्टॉटलचाच म्हणावा लागेल. सरळ रस्त्यांवरील घरे दिसायला सुखद व व्यवहाराला सोयीची असतात, परंतु युद्धकाळी जुनी वाकडीतिकडी रचनाच अधिक सुरक्षित; कारण शत्रूला आत शिरणे व परक्याला बाहेर पडणे दोन्ही अवघड जाते, असे त्याने म्हटले आहे. यास्तव संपूर्ण नगर सरळ रेषांत न आखता त्याचे काही भागच तसे आखावेत, ही त्याची शिफारस आहे.

या दोन रचनांची तुलना एकाच ठिकाणी पाहावयाची असेल, तर तक्षशिलेसारखे स्थळ नाही. तेथील भीर टेकाडाखाली सापडलेल्या जुन्या नगरात रस्ते अरुंद व वळणांचे असून घरांच्या भिंती एका रेषेत नाहीत. जवळच इ. स. पू. दुसऱ्या शतकात इंडो-ग्रीकांनी वसविलेल्या सिरकप येथे सरळ राजमार्ग व त्याला काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या आहेत. सर जॉन मार्शल यांच्या उत्खननाने (१९१३–३४) ही दोन्ही नगरे उजेडात आली. भारतीय ग्रंथांतही सरळ मार्गांचा आदर्श अपरिचित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्रात पूर्व-पश्चिम तीन व दक्षिणोत्तर तीन राजमार्ग आणि बारा वेशी यांचे नगर वर्णिले आहे. मानसार या शिल्पग्रंथात दंडक, सर्वतोभद्र, नंद्यावर्त, पद्मक, स्वस्तिक, प्रस्तर, कार्मुक व चतुर्मुख असे आठ ग्रामविन्यास दिले आहेत. त्यांतील कार्मुक हा धनुष्याकृती असून नदीच्या वा समुद्राच्या काठाला जुळणारा आहे.

रोमनांनी लष्करी छावणीच्या आखणीचा साचा वसाहतींना लावला. अल्जीरियातील तिमगाड (इ. स. १००) हे त्याचे ठळक उदाहरण. चीनमध्ये तांग राजवटीची राजधानी चांगआन ही शंभरांहून अधिक तटबंद मोहल्ल्यांत विभागलेली होती व रात्री त्यांच्या वेशी बंद करून रस्ते निर्मनुष्य ठेवले जात. तिचाच नमुना पुढे ठेवून जपानमध्ये क्योटो (७९४) वसविण्यात आले. सरळ रस्त्यावर नजर दूरवर पोहोचते, ही गोष्ट व्यापाऱ्याइतकीच पहारेकऱ्यालाही उपयोगाची असते.

एकदा आखलेली जाळी कायम राहते असे नाही. दमास्कस व अलेप्पो येथील ग्रीक-रोमन काळातील रुंद स्तंभमार्गांवर पुढील शतकांत दुकानांच्या रांगा चढत गेल्या आणि एका रुंद रस्त्याचे अनेक समांतर अरुंद बाजार बनले. पश्चिम आशियात चाकाच्या गाडीची जागा उंटाने घेतल्यामुळे रुंद, सरळ रस्त्याची निकड उरली नाही, असे स्पष्टीकरण रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ मध्ये मांडले. रस्त्याची कड सांभाळणारी सत्ता दुर्बळ झाली की ओटे, पायऱ्या व पडव्या पुढे सरकतात, हा अनुभव तर कोणत्याही देशातील नगरपालिकेला नवा नाही.

वसाहती व भूखंडांचा बाजार : स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५७३ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात अमेरिकेतील नव्या नगरांसाठी मध्यवर्ती चौकापासून सरळ रस्ते काढण्याचा नियम घालून दिला होता. चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट असावी, तसेच थंड प्रदेशात रस्ते रुंद व उष्ण प्रदेशात अरुंद ठेवावेत, अशी सूचनाही त्यात आहे. उत्तर अमेरिकेत फिलाडेल्फिया (१६८२) व सव्हॅना (१७३३) यांनंतर १७८५ च्या भूमि-अधिनियमाने ओहायओ नदीपलीकडील सारी जमीनच सहा मैल बाजूच्या चौरसांत मोजण्याचे ठरले. अशा प्रकारे जाळी ही नगराची न राहता प्रदेशाची झाली.

या विचाराचा कळस न्यूयॉर्कच्या १८११ च्या आराखड्यात झाला. राज्याने नेमलेल्या तीन आयुक्तांनी मॅनहॅटन बेटावर लांबीच्या दिशेने बारा हमरस्ते व आडवे १५५ रस्ते आखले. हमरस्ते १०० फूट व बहुसंख्य आडवे रस्ते ६० फूट रुंद ठेवण्यात आले. सरळ बाजूंची, काटकोनी घरे बांधायला सर्वांत स्वस्त व राहायला सर्वांत सोयीची असतात, एवढेच समर्थन आयुक्तांनी दिले. टेकड्या, ओढे व शेतांच्या हद्दी यांची दखल घेतलेली नव्हती. मोजणीदार जॉन रँडेल याला शेतमालकांचा विरोध सोसावा लागला. त्याचे खुंट उपटले गेले व त्याच्यावर फिर्यादी झाल्या. पण एकसारख्या भूखंडाची किंमत न पाहताही ठरविता येते, त्यामुळे जमिनीचा व्यापार विलक्षण वेगाने वाढला. आराखड्यात मोठ्या उद्यानाला जागा नव्हती; सेंट्रल पार्कची जमीन १८५३ नंतर संपादन करावी लागली. विशेष असे, की ब्रॉडवे हा जुना तिरपा रस्ता पूर्णपणे पुसला गेला नाही आणि तो जेथे जेथे हमरस्त्यांना छेदतो तेथेच युनियन स्क्वेअर, टाइम्स स्क्वेअर यांसारखे शहराचे गजबजलेले चौक निर्माण झाले.

लंडनचा अनुभव याच्या उलट होता. सप्टेंबर १६६६ च्या आगीत तेथील सु. १३,२०० घरे भस्मसात झाली. आग विझून काही दिवस होतात न होतात तोच क्रिस्टोफर रेन व जॉन एव्हलिन यांनी सरळ, रुंद रस्त्यांचे आराखडे राजाला सादर केले. जमीन मोकळी झाली असली, तरी मालकी जळाली नव्हती. हजारो लहान तुकड्यांची अदलाबदल करून देण्यास पैसा व वेळ दोन्ही नव्हते आणि हिवाळा जवळ आला होता. परिणामी काही रस्ते रुंद करून व वीट-दगडाची घरे सक्तीची करून शहर बव्हंशी जुन्याच रेषांवर उभे राहिले. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपानंतर पाँबाल या प्रधानाच्या हाती अनिर्बंध सत्ता असल्याने तेथील सखल भाग सरळ रेषांत पुन्हा बांधता आला; शेजारच्या टेकडीवरील आल्फामा भाग मात्र जुन्या वळणांसह टिकून राहिला. रस्त्याची सरळ रेष ही अभियंत्याच्या कौशल्यापेक्षा जमिनीच्या हक्कावर अवलंबून असते, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

काटकोनी रचनेचा सर्वांत सखोल विचार इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने बार्सेलोनासाठी केला. शहराचा तट १८५४ मध्ये पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा आतील मजुरांची घरे, मिळकत व मृत्यू यांची पाहणी त्याने स्वतः केली आणि उजेड व हवा ही श्रीमंतांची मिरासदारी राहू नये, या हेतूने १८५९ चा विस्तार-आराखडा तयार केला. त्यात सु. ११३ मी. बाजूचे चौरस खंड, २० मी. रुंदीचे रस्ते आणि वाहनांना वळता यावे म्हणून छाटलेले कोपरे होते. प्रत्येक खंडाच्या दोनच बाजूंना इमारती व उरलेल्या जागेत बाग, ही त्याची मूळ कल्पना. परंतु जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या व बागांची जागाही भरून टाकली. याच जाळीतील नऊ-नऊ खंड एकत्र करून आतील रस्ते मुख्यतः पादचाऱ्यांना देण्याचा प्रयोग २०१६ पासून तेथे सुरू झाला.

भारतातील परिस्थिती : सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य याचा प्रमुख वाटा होता. नऊ चौरसांची ही रचना टेकडीमुळे पूर्ण होऊ शकली नाही. तेव्हा वायव्येचा चौरस सोडून आग्नेयेस एक जादा जोडण्यात आला. बाजाराचे रस्ते रुंद व दुकानांचे दर्शनी भाग एकसारखे असले, तरी चौकड्यांच्या आत गेल्यावर मोहल्ल्यांच्या गल्ल्या आपापल्या वळणाने वाढलेल्या दिसतात. वरची चौकट राजाची व आतली वीण रहिवाशांची, अशी ही विभागणी उत्तम निभावली आहे.

पुण्यात कसबा पेठ ही मूळ वस्ती असून तिच्या गल्ल्या जुन्या गावाच्या आहेत; पेशवेकालीन पेठा तुलनेने आखीव आहेत, तर १८१७ नंतर इंग्रजांनी पूर्वेस वसविलेल्या लष्कर भागात समांतर रस्ते आहेत. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी वसविलेले जयसिंगपूर हे काटकोनी आखणीचे महाराष्ट्रातील वैशिष्ट्यपूर्ण बाजारगाव असून तेथील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. गोव्यात पणजीचा मध्यभाग व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू (कार. १८२७–३५) याच्या काळात दलदल भरून सरळ रस्त्यांनी आखला गेला, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची फोन्तेन्यश (मळा) ही वस्ती मात्र उताराला धरून वाकत गेलेली आहे.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून काढलेला प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांपैकी एक. दादर-माटुंगा येथील नव्या वसाहती हे या मंडळाचे चिरस्थायी कार्य होय. परंतु पाडापाडीत बेघर झालेले रहिवासी शेजारच्या चाळींत कोंबले गेले व तेथील गर्दी वाढली, ही टीका तेव्हाच झाली होती. अशा पद्धतीवरील सर्वांत मूलगामी टीका पॅट्रिक गेडेस यांची. १९१५ नंतर त्यांनी भारतातील अनेक शहरांची पायी फिरून पाहणी केली व १९१९–२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले. जुन्या वस्तीतून फूटपट्टीने रस्ता काढण्याऐवजी पडकी घरे तेवढी काढून मोकळ्या जागा जोडाव्यात, विहीर, झाड व देऊळ राखावे आणि गल्लीला जेथे शक्य तेथे थोडे रुंद करावे, अशी त्यांची पद्धत होती. तिला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली. तंजावरसारख्या शहरासाठी त्यांनी दाखवून दिले, की असे केल्यास खर्चही पुष्कळ वाचतो व थोडीच कुटुंबे हलवावी लागतात. दुर्दैवाने त्यांचे अहवाल बहुतांशी दप्तरातच राहिले. चंडीगढसाठी ॲल्बर्ट मेयर यांनी आखलेले वळणदार रस्ते १९५१ मध्ये ल कॉर्ब्यूझ्ये यांनी जवळजवळ सरळ केले. वळणाचा रस्ता हा ओझ्याच्या गाढवाचा, माणसाचा नव्हे, हा त्यांचा सिद्धांत १९२५ च्या ग्रंथातच मांडलेला होता. त्या उलट कामिलो झिटे या ऑस्ट्रियन वास्तुशास्त्रज्ञाने १८८९ मध्येच जुन्या चौकांच्या वाकड्या कडांतील सौंदर्याची मीमांसा केली होती.

उपयुक्ततेचा विचार : काटकोनी रचनेत पत्ता शोधणे, नळ व गटारे टाकणे आणि विस्तार करणे सोपे जाते, एक रस्ता अडला, तर शेजारचा उपलब्ध असतो. मात्र सरळ रेष म्हणजे जवळचा रस्ता, ही समजूत चुकीची आहे. जाळीतून कर्णाच्या दिशेने जाताना हवाई अंतराच्या सु. १·४१ पट चालावे लागते आणि सर्व दिशांची सरासरी काढली, तर हे प्रमाण सु. १·२७ पट येते. चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडण्याची ३२ स्थाने संभवतात, तर तिठ्यावर ती केवळ ९ असतात. म्हणूनच वस्तीतील चौकांऐवजी तिठे करण्याकडे वाहतूक-अभियंत्यांचा कल राहिला. चढउताराच्या भूमीवर जाळी लादल्यास काय होते, हे सॅन फ्रान्सिस्कोतील खड्या चढणींवरून दिसते. तेथील लाँबर्ड स्ट्रीटवर १९२२ मध्ये मुद्दाम नागमोडी वळणे घालावी लागली. उष्ण प्रदेशात अरुंद बोळ सावली देतात, पण त्यांत अग्निशामक बंब शिरत नाही. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लहान खंडांचा पुरस्कार केला. त्यांच्या मते रस्ता सरळ की वाकडा यापेक्षा कोपरे किती वारंवार येतात, यावर रस्त्यावरील वर्दळ व दुकानदारी अवलंबून असते.

अलीकडे रस्त्यांच्या दिशांची क्रमबद्धता गणिताने मोजली जाते. जेफ बोइंग यांच्या २०१९ च्या शंभर शहरांच्या अभ्यासात शिकागो अत्यंत क्रमबद्ध, तर रोम व साऊँ पाउलू ही दुसऱ्या टोकाजवळची ठरली. ३८ देशांतील सु. चार लाख व्यक्तींच्या दिशाज्ञानाची संगणकीय खेळाद्वारे घेतलेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जाळीदार शहरांत बालपण घालविलेल्यांचे मार्ग शोधण्याचे कौशल्य सरासरीने कमी आढळले. मात्र जाळीसारख्या मांडणीत त्यांना तुलनेने बरे जमले.

भूकंपोत्तर पुनर्वसन : या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी परिसरातील भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीच्या जड धाब्यांनी माणसे गाडली गेली आणि ढिगाऱ्यांनी बुजलेल्या अरुंद बोळांतून मदत पोहोचविणे कठीण झाले. त्यामुळे रुंद रस्त्यांची मागणी गावकऱ्यांकडूनही झाली, हे स्वाभाविकच होते. बावन्न गावे नव्या जागी हलविण्यात आली व त्यांपैकी बहुतेकांची आखणी सरळ रांगांत, शहरी वसाहतीच्या धर्तीवर झाली. गावाचा विस्तार जुन्या गावठाणाच्या कित्येक पटींनी वाढला. घरांचे वाटप जमिनीच्या धारणेनुसार ठरलेल्या गटांत झाल्याने पूर्वी एका आळीत राहणारी भावकी अनेक ठिकाणी विखुरली. जनावरांची जागा, कडबा रचण्याची सोय, बायकांना उन्हात-सावलीत एकत्र बसता येईल असा ओटा यांचा आराखड्यात विचार नव्हता. पुढील काळात रहिवाशांनी घरांपुढे छपरे काढली, कुंपणे घातली, झाडे लावली आणि सरळ रेषा हळूहळू मोडत गेल्या.

गुजरातमधील भूजच्या तटाआतील जुन्या शहरात २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर निराळा मार्ग अवलंबिला गेला. सर्व शहर हलविण्याऐवजी १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमापासून चालत आलेल्या भूखंड-पुनर्मांडणीच्या पद्धतीने आठ योजना तयार करण्यात आल्या. जुने रस्ते शक्य तेथे मूळ रेषेवरच रुंद केले गेले आणि बंद बोळ एकमेकांना जोडून दोन्ही बाजूंनी बाहेर पडण्याची सोय करण्यात आली. त्यासाठी लागणारी जमीन सर्व भूखंडांतून प्रमाणशीर कापून घेतली गेली. अत्यंत लहान भूखंडांना या कपातीतून वगळले होते व भूखंड मोठा तसे कपातीचे प्रमाण वाढत जात असे. पुष्कळ मालकांना नवा भूखंड आपल्या जुन्या घराच्या जागेवर किंवा तिच्या आसपास मिळाला.